वीस हजार ओळींच्या अलीकडे

मालवणच्या बाजारात जाळी आणि नायलॉनचे दोर विकणारं एक दुकान आहे. त्याच्या बाजूच्या लोखंडी जिन्याने वर गेलं की दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. उन्हं चढली की खालच्या नव्या दोरांचा वास वर येतो आणि दुपारभर कॉम्प्युटरच्या खोलीत राहतो. पहिल्या महिन्यात त्याने माझं डोकं दुखायचं. आता रविवारी घरी असले की काहीतरी कमी आहे असं वाटतं, आणि मग लक्षात येतं की तो वास नाही.

ऑफिसात आम्ही तिघं. सर, म्हणजे मालक. दादा, देवबागहून मोटरसायकलवर येणारा, वयाने आणि कामाने माझ्यापेक्षा मोठा. आणि मी, कट्टा गावाजवळच्या एका वाडीतून एसटीने येणारी. आमचं सॉफ्टवेअर किनाऱ्यावरच्या होमस्टेंसाठी आहे. कुठली खोली कधी भरली, किती माणसांचं जेवण, त्यात मासे खाणारे किती, बोटीत कोण कधी बसणार, हे सगळं ते सांभाळतं. मुळात ते दादाने स्वतःच्या घरासाठी लिहिलं होतं. त्याच्या आईने एका दिवाळीत एकच खोली दोन कुटुंबांना कबूल केली. दोन्ही कुटुंबं एकाच वेळी सामान घेऊन अंगणात उभी राहिली, आणि दादाला स्वतःची खोली देऊन होडीत झोपावं लागलं, असं तो सांगतो. होडीचं खरं की नाही माहीत नाही. प्रोग्रॅम मात्र खरा आहे.

गेल्या चतुर्थीनंतर पुण्याच्या एका कंपनीची मेल आली. ही कंपनी कोकणातल्या अशा लहान लहान ऑफिसांचं काम आपल्याकडे घेत होती. ऑफिस इथेच राहील, माणसंही इथलीच राहतील, पगार ते देतील. फक्त किती माणसं ठेवायची हे ते कोडच्या ओळींवरून ठरवणार होते. रिकाम्या ओळी आणि कमेंट सोडून वीस हजार ओळींपर्यंत दोन माणसं. त्याच्यावर तीन.

सरांनी ती मेल आम्हाला समोर बसवून वाचून दाखवली. लपवलं काहीच नाही. वाचून झाल्यावर कोणी कोणाकडे बघेना. तिघांतलं तिसरं कोण, हे खालच्या दोरवाल्यालाही सांगता आलं असतं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. मी मराठी शाळेत शिकले, आणि आमच्या विज्ञानाच्या बाईंनी शाळेतल्या एकुलत्या एक चालू कॉम्प्युटरची किल्ली मधल्या सुट्टीत माझ्या हातात दिली नसती तर आज मी कुठे असते सांगता येत नाही. पदवी झाल्यावर माझ्याबरोबरच्या मुली पुण्याला, पणजीला गेल्या. मला ते जमण्यासारखं नव्हतं. बाबांच्या गुडघ्यांनी तेव्हाच तक्रार सुरू केली होती, आणि भातशेती, काजूची कलमं, गुरं, सगळं आईवर आलं असतं. अशा वेळी सरांनी मला मुलाखतीला बोलावलं, मुलाखत मराठीत घेतली आणि घरापासून एका एसटीच्या अंतरावर काम दिलं. मी संध्याकाळी घरी पोचून गोठ्यात वैरण टाकू शकते आणि सकाळी प्रोग्रॅम लिहू शकते, अशी दुसरी नोकरी या जिल्ह्यात मला माहीत नव्हती. आजही नाही.

ओळी मोजणारे तयार प्रोग्रॅम मिळतात. एक चालवून बघितला. पण दादाने फाईलींना नावं त्याच्या मनाने दिलेली, त्यामुळे त्या प्रोग्रॅमला आमच्या अर्ध्या फाईली ओळखूच आल्या नाहीत. सर म्हणाले, "आपलाच लिहू. म्हणजे काय मोजलं आणि काय सोडलं ते आपल्याला सांगता येईल. तू लिही."

"मी? सर, पण यात माझंच..."

"म्हणूनच तू. हा लिहील तर तुझ्यासाठी आकडा फुगवील."

आतल्या खोलीतून दादा ओरडला, "फुगवीन? फुगवतलंयच मां! लाजतंय की काय!"

तेव्हा मी हसले. जागेवर येऊन बसले तेव्हा मात्र ते नीट कळलं. जो प्रोग्रॅम माझी नोकरी राहणार की जाणार ते सांगणार होता, तो मलाच लिहायचा होता. त्यातला प्रत्येक नियम आकड्याला वर किंवा खाली ढकलणार होता, आणि मी प्रत्येक नियम लिहिताना मला कळणार होतं की तो कुठे ढकलतोय.

काम दिसायला सोपं. फाईल उघडायची, एकेक ओळ वाचायची. ओळ रिकामी असेल तर सोडायची. कमेंट असेल तर सोडायची. उरेल ती मोजायची. कमेंट म्हणजे माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप. मशीन ती वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. लांब कमेंट सुरू करायची असेल तर तिरकी रेघ आणि तिला चिकटून चांदणी काढतात, आणि संपवताना आधी चांदणी आणि मग रेघ. मधे जे येईल ते सगळं कमेंट.

दुपारपर्यंत माझा प्रोग्रॅम तयार झाला. मी तो आमच्या सगळ्या कोडवर चालवला. आकडा आला अकरा हजारांच्या आत.

मी तो परत चालवला. तेवढाच आला. मशीनने दुसऱ्यांदा वेगळं सांगावं अशी माझी काय अपेक्षा होती कोण जाणे.

त्या दिवशी एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय होतं ते काहीच आठवत नाही. अकरा म्हणजे विसाच्या जवळपासही नाही. आईने दारातच विचारलं, "काय गो, तोंड कित्या असा उतरला?"

"काय नाय. ओळी मोजत होते."

बाबा ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होते. "ओळी मोजतंस? आणि त्येचो पगार देतत?"

"देतत," मी म्हटलं. अजून किती दिवस, ते नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी आकडे फाईलवार काढले. बुकिंगची फाईल आमची सगळ्यात मोठी. कुठली खोली कुणाला द्यायची, पाहुणा आयत्या वेळी नाही म्हणाला तर काय करायचं, हे सगळं तिच्यात आहे. तिच्यासमोर माझ्या प्रोग्रॅमने आकडा लिहिला होता: सत्तर.

मी दादाला बोलावलं. तो वाकून बघत राहिला आणि मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"सत्तर? माझी पाच वर्सा सत्तर ओळींत? मगे मी इतकी वर्सा हयसर माशे तळी होतंय?"

"दादा, थांब ना. काहीतरी चुकलंय."

"चुकलंय तर शोध. नायतर आवशीक माझ्या सांगू नको, ती म्हणात, मी आधीच सांगितलंलंय."

त्याच्या आईपर्यंत गोष्ट जायच्या आत आम्ही ती फाईल ओळीने वाचत खाली गेलो. एकाहत्तराव्या ओळीत चोर सापडला. खोल्यांचे फोटो ज्या फोल्डरमध्ये आहेत त्यातले सगळे फोटो घे, असं दादाने तिथे सांगितलं होतं, आणि 'सगळे' हे सांगायची खूण चांदणीच असते. फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ आणि रेघेपुढे चांदणी. मशीनला ते कळत होतं, कारण तो मजकूर अवतरणचिन्हांत होता. माझ्या प्रोग्रॅमला अवतरणचिन्हं माहीतच नव्हती. त्याला वाटलं इथे लांब कमेंट सुरू झाली. ती संपवणारी खूण पुढे कुठेच नव्हती, म्हणून तिथपासून तळापर्यंतची अख्खी फाईल त्याने टीप समजून सोडून दिली. तशीच ओळ आणखी बऱ्याच फाईलींत होती.

मी प्रोग्रॅमला अवतरणचिन्हं शिकवली आणि पुन्हा चालवला. आकडा आला चोवीस हजारांच्या थोडा वर.

दादाने टेबलावर थाप मारली. "बघ! खंय रवली पुण्याची कंपनी!" सर बाहेर आले, त्यांनी आकडा बघितला आणि खालून तिघांसाठी भजी मागवली, आणि सर स्वतःहून भजी मागवतात ते वर्षातून एखाद्या वेळीच.

भजी खाताना मला बरं वाटायला हवं होतं. थोडा वेळ वाटलंही. मग एक विचार आला. आकडा कमी आला तेव्हा मी लगेच चूक शोधायला बसले. आता आकडा जास्त आलाय तर मी भजी खातेय. हा आकडाही चुकीचा असेल तर? फक्त माझ्या बाजूने चुकलाय म्हणून मी तो तपासणार नाही का? पुण्यात कोणी तपासला, आणि फुगलेला निघाला, तर माझी एकटीची नोकरी जाणार नव्हती. सरांचा शब्द जाणार होता, आणि दादाचंही काम.

हात पुसून मी पुन्हा बसले.

पहिली गोष्ट लगेच सापडली. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि वारा सुटला की इन्व्हर्टरचाही नाही. म्हणून दादाची एक पद्धत आहे. मोठा बदल करायच्या आधी तो अख्ख्या फाईलीची एक प्रत काढून 'वादळाआधी' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. वादळ येवो न येवो. त्या फोल्डरमधल्या प्रती कुठेच चालत नव्हत्या, नुसत्या पडून होत्या, आणि माझ्या प्रोग्रॅमने त्याही मोजल्या होत्या. तो फोल्डर वगळला. आकडा वीस हजार चारशेवर आला.

अजूनही वीसच्या वरच. मी स्वतःला म्हटलं, आता पुरे. आता पाठव.

पण एक गोष्ट मला माहीत होती. ऑफिसात आल्यापासून माहीत होती, आणि मी ती रोज माझ्या हाताने करत होते. आमच्या प्रत्येक फाईलीत गाऱ्हाणं होतं.

आमच्याकडे कुठलंही काम काढलं, नवी होडी पाण्यात लोटली, घराचा पाया खणला, तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस मोठ्याने बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. दादाने पहिली फाईल लिहिली तेव्हा तिच्या सुरुवातीला गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, आज ह्यो प्रोग्रॅम चालू होता हा. होय म्हाराजा. तेका खंय अडचण येवंदे नको. होय म्हाराजा. खोल्यो भरलेल्यो रवांदे, पावण्यांक बरी बुद्धी दी. होय म्हाराजा. असं पुढे बरंच. आणि हे त्याने कमेंट म्हणून लिहिलं नव्हतं. कमेंट मशीन वाचत नाही. मशीनने न वाचलेलं गाऱ्हाणं देवाला कसं पोचणार, असं त्याचं म्हणणं. म्हणून प्रत्येक वाक्य म्हणजे मशीनला दिलेला एक हुकूम होता: प्रोग्रॅम चालताना जी नोंद ठेवतो त्या नोंदीत हे वाक्य छाप. फाईल कामाला लागली की ती आधी नोंदीत सगळं गाऱ्हाणं छापायची, आणि सगळं ठीक सुरू झालं की शेवटचं 'होय म्हाराजा'. मी आल्यावर पहिल्या आठवड्यात दादाने मला शिकवलं ते हेच. नवी फाईल केलीस की जुनीतलं गाराणा उचलून वर चिकटव.

साठ फाईली, आणि प्रत्येकीत पंधरा ओळी. नऊशे ओळी गाऱ्हाण्याच्या. त्या धरल्या तर आम्ही वीस हजारांच्या पलीकडे, सोडल्या तर साडेएकोणीसवर, म्हणजे अलीकडे.

मी हे दोघांना सांगितलं.

दादाला पहिल्यांदा कळेचना मी काय विचारतेय. "मोजूचा नाय? कित्या? ता चलता मां? मशीन ता करता. जा मशीन करता ता कोड. तूच माका सांगितलंस."

"पण ते बुकिंगचं काम करत नाही ना, दादा."

"करत नाय? शेवटचा 'होय म्हाराजा' नोंदीत गावला नाय तर तू काय करतंस?"

ते खरं होतं. नोंदीत शेवटचं 'होय म्हाराजा' दिसलं नाही की त्या फाईलीत बिघाड आहे हे आम्हाला कळायचं. मी स्वतः कितीदा तसा बिघाड शोधला होता.

सर म्हणाले, "ते शेवटच्या ओळीचं काम झालं. वरच्या चौदा?"

"वरच्या चौदांशिवाय शेवटची खंयसून येतली? सर, तुम्ही गाराण्यात मधेच सुरू करतात?"

सरांनी कपाळ चोळलं. ते मुंबईला अनेक वर्षं नोकरी करून गावी परतलेले. आमचं तिघांचं बस्तान बसावं म्हणून त्यांनी हे काम पुण्याला द्यायचं मनावर घेतलं होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझा प्रोग्रॅम आहे. तुला काय वाटतं?"

हा प्रश्न मला नको होता. कोणीतरी मोठ्या माणसाने ठरवावं आणि मी ते टाइप करावं, असं मला मनापासून वाटत होतं. धरल्या तर मी माझ्या नोकरीसाठी देवाचं नाव मोजलं असं वाटेल. सोडल्या तर जे मशीन खरोखर करतंय ते मी भीतीने सोडलं. यातलं खरं कोणतं, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही नीट कळलेलं नाही.

शेवटी मी मेलमध्ये दोन्ही आकडे लिहिले. गाऱ्हाण्यासह इतक्या ओळी, गाऱ्हाण्याशिवाय इतक्या. खाली चार वाक्यांत ते काय आहे ते लिहिलं. 'वादळाआधी' फोल्डर सोडला आहे तेही लिहिलं. सरांनी वाचलं, मान हलवली आणि मेल पाठवली.

दादाला ते कळलं तेव्हा तो खरंच चिडला. "दोन आकडे? हिका कोणी सांगितला दोन आकडे पाठवूक? बाजारात जाऊन कोण सांगता काय, ह्या सुंगटांतली अर्धी कालची आसत म्हणान?"

"कोळंबी कालची असेल तर सांगायलाच पाहिजे ना?"

"मगे बस आता घरात भात झोडीत." असं बोलून तो जिना उतरून गेला. परत आला तो दोन चहा घेऊन. एक माझ्यासमोर आपटून ठेवला.

नंतरचे दिवस वाट बघण्यात गेले. फोन वाजला की मी हातातलं काम सोडून सरांच्या दाराकडे बघायचे. दिवाळीची बुकिंगं सुरू झाली होती, काम भरपूर होतं, आणि माझ्या हातून साध्या साध्या चुका होत होत्या. एका होमस्टेच्या जेवणाच्या यादीत मी शाकाहारी पाहुण्यांना बांगडा लावला. मालकिणीने फोनवर दादाला जे ऐकवलं ते त्याने मला तसंच्या तसं ऐकवलं.

मग पुण्याहून एका मॅडमचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकला. मॅडमचं मराठी स्वच्छ, सावकाश. त्या म्हणाल्या, "तुमचा आकडा आमच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. तुम्ही दिलेल्या कोडवर आम्ही आमचा प्रोग्रॅम चालवला. आम्हाला अकरा हजारांच्याही आतच मिळतात. हे कसं काय?"

दादा उभा राहिला. आणि मला त्या भीतीतच एकदम कळलं, कारण तो आकडा माझ्या ओळखीचा होता.

"मॅडम," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की सरांनी फोन माझ्याकडे सरकवला. "मॅडम, तुमच्याकडे बुकिंगच्या फाईलीच्या किती ओळी येतात?"

त्यांनी बघितलं. "सत्तर."

"तिची एकाहत्तरावी ओळ बघाल का?"

पलीकडे की-बोर्ड वाजला. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "फोटोचा फोल्डर. अरे देवा." आणि थोड्या वेळाने, "तुम्हाला कसं कळलं?"

"माझाही पहिल्यांदा तेवढाच आला होता. आणि मॅडम, तुमच्या अकरांत जुन्या प्रतीही धरल्या गेल्यात. त्या तुम्हाला सोडाव्या लागतील." हे वाक्य मी का बोलले माहीत नाही. दादाने माझ्याकडे असं बघितलं की फोन नसता तर काहीतरी फेकून मारलं असतं.

मॅडमनी थांबायला सांगून त्यांचा प्रोग्रॅम तिथल्या तिथे दुरुस्त केला. त्यांचा नवा आकडा माझ्या आकड्याला येऊन मिळाला, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. सरांनी तेव्हा डोळे मिटले ते मला दिसलं.

"आता ते गाऱ्हाणं," मॅडम म्हणाल्या. "मी वाचलं, पण मला नीट कळलं नाही. ते कसं म्हणतात?"

दादा फोनपाशी वाकला आणि घसा साफ करून, देवळात लावतात तसा आवाज लावून म्हणाला, "बा देवा म्हाराजा, आज ज्या काय ह्या पुण्याच्या बाईंनी मनात आणलेला आसा..."

"होय म्हाराजा," सर म्हणून गेले. त्यांना स्वतःलाच कळलं नाही. सवयच तशी असते.

"...त्यात आमच्या ह्या चेडवाची भाकरी रवांदे रे म्हाराजा!"

यावेळी सरांनी 'होय म्हाराजा' गिळलं. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. पलीकडे मॅडम मोकळेपणाने हसल्या. मग थांबल्या.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "काढू नका ते. पण मोजता येणार नाही. शेवटची ओळ बिघाड कळण्यासाठी आहे, ती मी प्रत्येक फाईलीत एक धरते. बाकीच्या नाही." त्यांनी बेरीज केली. मी आधीच केली होती. साडेएकोणीस हजार आणि वर साठ. "म्हणजे दोन माणसं. सॉरी."

सरांनी फोन ठेवला. खाली कोणीतरी दोर मापून घेत होतं आणि दुकानदार दोन्ही हात पसरून एकेक वाव मोठ्याने मोजत होता.

त्या रविवारी आमच्याकडे भातकापणी होती. मी कोयता घेऊन कोपऱ्यातून सुरुवात केली. आईला मी बांधावर बसल्यावर सांगितलं. तिने पाण्याचा तांब्या माझ्याकडे दिला. "मगे आता?"

"बघतंय. पणजीक बघतंय."

"पणजीक गेलंस तर येतलंस कधी?"

बाबांनी ऐकलं होतं. ते गुडघा धरून खाली बसले आणि कापलेल्या पेंढ्या बांधत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "चुकीचो आकडो दिला असतंस तर रवतलंस?"

"होय. थोडे दिवस."

"हां," ते म्हणाले आणि पुढची पेंढी ओढली. चांगलं की वाईट, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुण्याची दुसरी मेल दिवाळीच्या तोंडावर आली. सरांनी मला फोन करून जागेवरून उठून आत यायला सांगितलं, एवढ्या लहान ऑफिसात. त्या मॅडमनी लिहिलं होतं की त्यांच्या प्रोग्रॅममधली चूक फक्त आमच्या कोडपुरती नव्हती. आमच्यासारख्या इतर ऑफिसांचे आकडेही त्याच प्रोग्रॅमने काढले होते, आणि ते सगळे परत मोजायला हवेत. हे काम करायला, प्रत्येक ऑफिसात बसून, तिथल्या माणसांच्या पद्धती समजून घेऊन मोजायला, त्यांना एक माणूस हवं होतं. एका वर्षासाठी. मालवणात राहूनच काम करता येईल. ओळी मोजणारी ती मुलगी येईल का?

सरांनी मेल वाचून दाखवली आणि चष्मा काढला. दादा दाराच्या चौकटीत उभा होता. "बघ," तो म्हणाला, "अर्धी कालची सांगून पण खपली सुंगटा."

मी घरी फोन केला. आई रडली. एसटीत मी खिडकीतून सगळं बघितलं, झाडन्‌झाड. नोकरी राहिली होती. घर राहिलं होतं. माझ्या शाळेच्या बाईंना मी त्याच संध्याकाळी फोन लावला आणि काहीतरी बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, आभार मानले एवढं आठवतं.

भीती मात्र गेली नाही. दिवाळी झाल्यावर मी पहिल्यांदा बाहेर गेले ते वेंगुर्ल्याला, तेव्हा ती कसली आहे ते कळलं.

तिथलं ऑफिस एका जुन्या घराच्या माडीवर होतं. माणसं चार. मालकांनी उठून माझं स्वागत केलं, मला "मॅडम" म्हटलं, पंखा माझ्याकडे वळवला. तिघं आपापल्या जागी बसून काम करत असल्यासारखे दिसत होते, पण कोणाचाच की-बोर्ड वाजत नव्हता. चौथी माझ्याच वयाची मुलगी होती, त्यांच्यात सगळ्यात नवी. तिने मला कोड कुठे आहे ते दाखवलं आणि माझ्या खुर्चीच्या मागेच उभी राहिली.

"कमेंट धरता?" तिने विचारलं.

"नाही."

"आमच्याकडे कमेंटच जास्त आहेत," ती म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न केला. "चौथं माणूस ठेवायला किती ओळी लागतात, माहितीय तुम्हाला?"

माहीत होतं. मी तिला आकडा सांगितला. तिसऱ्या माणसासाठी तो वीस हजार होता, चौथ्यासाठी त्याहून मोठा. तिने मान हलवली. तिलाही तो आधीच माहीत होता.

मी माझा प्रोग्रॅम त्यांच्या कोडवर चालवला. फाईलींची नावं एकामागून एक वर सरकत गेली आणि तळाशी आकडा येऊन थांबला. तो कमी होता. बराच कमी. तिने मागून माझ्या खुर्चीची पाठ धरली.

"हा धरू नकोस," मी म्हटलं. "पहिला आकडा बहुतेक वेळा चुकतो."

"बहुतेक वेळा?" तिने विचारलं.

मी पहिली फाईल उघडली आणि वाचायला लागले.